निगेटिव्ह जपून ठेवली आहे

माझ्या फोटो स्टुडिओत आता जी माणसं येतात त्यातली निम्मी झेरॉक्स काढायला येतात, उरलेली मोबाइलला काच बसवायला, आणि एखादा नुसताच बसची वाट बघत उन्हातून आत सरकतो. फोटो काढायला कोणी आलं की मीच दचकतो. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा, नव्या लोकांना काही शिकता येईल. बायकोला हसू आवरेना. म्हणाली, लिहा की, कसं करू नये हे सांगायलाही कोणीतरी लागतंच. तर त्या अधिकाराने लिहितो.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, स्टँडसमोर आमचं दुकान. आम्ही जैन, घरातले सगळे व्यापारी. थोरले काका कापड मीटरने विकायचे, धाकटे काका किराणा किलोने. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एकट्यांनीच कॅमेरा घेतला. आप्पा नेमकं काय विकतात हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाळीला सगळे जमले की ते विचारायचे, ‘का रे, तुह्या दुकानात माल कुठी असते?’ आप्पा हसायचे. खरं सांगायचं तर मलाही माल कुठे असतो ते कळलं नव्हतं.

तो पत्र्याच्या पेट्यांत असायचा.

ज्यांनी फिल्मचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्यात जी फिल्म असायची तिच्यावर माणूस उलटा उमटायचा, म्हणजे केस पांढरे आणि चेहरा काळा. ती निगेटिव्ह. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, तिच्यातून उजेड सोडून कागदावर सुलटा फोटो काढायचा. एका निगेटिव्हवरून पाहिजे तेवढे फोटो निघत. फोटो गिऱ्हाइकाला जायचा आणि निगेटिव्ह दुकानात राहायची. आप्पा प्रत्येक निगेटिव्ह पातळ कागदाच्या पाकिटात घालून पाकिटावर नंबर टाकायचे, तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्यायचे. फोटोच्या पाठीवर रबरी शिक्का मारायचे: ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे. प्रतीसाठी क्रमांक सांगावा.’

पाकिटं जायची चहाच्या रिकाम्या पेट्यांत. ओल लागू नये म्हणून पेट्यांत तांदळाच्या पुरचुंड्या. पर्युषणात घरचे सगळे उपास आणि पूजा यात असत. आप्पाही उपास करत, पण दुपारी दुकान लावून घेऊन एकेक पेटी उघडत आणि मऊ फडक्याने निगेटिव्हा पुसत बसत. मला ते बघून कंटाळा यायचा. पुसलेल्या निगेटिव्हचं कोणी काही देत नसे. दुसरी प्रत मागायला माणूस यायचा तो दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, आणि तिची किंमत ती काय. आप्पा म्हणायचे, चिठ्ठी घेऊन माणूस बहुतेक एकाच कामासाठी येतो. घरातलं कोणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा भाऊ किंवा जावई चिठ्ठी काढून समोर ठेवायचा आणि मोठा करून द्या म्हणायचा. आप्पा पेटीपाशी जायचे आणि दहा मिनिटांत त्या माणसाला हातात घेऊन यायचे. हे मी शेकडो वेळा पाहिलं. मला वाटायचं, हा काय धंदा झाला?

मी धंद्यात आलो तो हुशारी घेऊन. पहिली हुशारी कोटाची. पासपोर्ट फोटोसाठी दुकानात एक काळा कोट होता. मी त्याची पाठ उभी फाडून टाकली, म्हणजे हडकुळ्यापासून ढेरपोट्यापर्यंत कोणालाही पुढून चढवता येई आणि मागून टाचण्या लावता येत. अर्ध्या तालुक्याचे मास्तर त्या कोटात आहेत. एका शाळेत आजवरच्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेत. सहा जण एकाच कोटात, एकाच टायमध्ये. पाहुण्यांना वाटतं शाळेचा गणवेश असावा.

दुसरी हुशारी याहून वाईट. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नात मात्र प्रत्येक मामाला, मामाच्या मित्राला आणि मित्राच्या साडूला आपला एक पाहिजे असतो. मग आम्ही गळ्यात दोन कॅमेरे अडकवायचो. एक भरलेला, एक रिकामा. फुकटची गर्दी पुढे आली की रिकाम्याचा फ्लॅश उडवायचा. याला आम्ही कोरा फ्लॅश म्हणायचो. डोळ्यांवर लख्ख उजेड पडला की माणूस खूश होऊन पंगतीला जातो. मी यात इतका पटाईत झालो की एका लग्नात एक रोल वाचवायचो.

अनसिंगच्या एका लग्नात कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. नवा फेटा, हात गुडघ्यांवर. मी समोर गेलो तसा तो ताठ झाला आणि श्वास रोखून बघत राहिला. मला वाटलं कोणी वाटेवरचा असेल, कोरा उडवला. तो नवरीचा आजा होता. दोन महिन्यांनी त्याचा मुलगा दुकानात आला. म्हातारा गेला होता, जन्मात एकच फोटो काढलेला, तो मोठा करून हवा होता. मी रोलमध्ये उजेड शिरल्याचं कारण सांगितलं. आप्पा गल्ल्यावर बसून ऐकत होते. त्यांनी त्या माणसाला लग्नाच्या कामाचे सगळे पैसे परत दिले, पाणी पाजलं, स्टँडपर्यंत पोचवून आले. मला रागावले नाहीत. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “राजू, तुनं रोल वाचवला.”

यावरून मी काही शिकायला हवं होतं. मी शिकलो ते असं, की पुढच्या वेळी आधी आजा कोणता ते विचारून घ्यावं.

आता चांदीचं सांगतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जो काळेपणा असतो तो चांदीचा. खरीखुरी चांदी, फार बारीक. फिल्म धुताना थोडी चांदी औषधात उतरते, त्या औषधाला हायपो म्हणतात. अकोल्याचा एक माणूस वर्षातून दोनदा यायचा आणि वापरलेला हायपो कॅनमध्ये भरून न्यायचा. आप्पा त्याला हायपो द्यायचे. जाताना तो दर वेळी पेट्यांकडे बघायचा आणि म्हणायचा, शेठ, यात याच्यापेक्षा जास्त आहे. आप्पांचं उत्तर ठरलेलं. “ते आपले थोडेच हायेत? लोकाईनं आपल्यापाशी ठेवले हायेत. तू चहा घे.”

आप्पा गेले. त्यांच्या मागोमाग फिल्म गेली, मग लाल दिवा गेला, मग मोबाइल आला आणि गिऱ्हाईकच गेलं. वाशीमला, अकोल्याला काचेचे स्टुडिओ झाले होते. माझ्या मनाने घेतलं की आपलाही झकपक पाहिजे. भिंतीला काच, वर दिव्यांची पाटी आणि आत एसी. पैसे कमी पडत होते. नेमका त्या उन्हाळ्यात अकोलेवाला आला. हायपो तर बंदच झाला होता, सवयीने डोकावला असेल. पेट्यांकडे बघून म्हणाला, “शेठ, उंदराईले कायले चारून राह्यले? कोनाच्या कामी तं येऊ द्या.”

मी काय होतं त्यांचं ते विचारलं. त्याने अगदी आनंदाने समजावून सांगितलं. उकळत्या पाण्यात सोडा टाकून फिल्म ढवळायची, वरचा थर सुटून गाळ होऊन खाली बसतो, गाळातून चांदी काढतात. फिल्म आरशासारखी स्वच्छ होते. तिचे तुकडे शर्टाच्या कॉलरमध्ये घालायला जातात.

घरी बोललो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटत होती. म्हणाली, “निदान एक डाव पाहून तं घ्या, कोनाकोनाचे हायेत.”

“पाहून काय करू? निम्मे तर मेले असतील.”

“म्हनूनच म्हनून राह्यली.”

मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विकता आलं नसतं, एवढी अक्कल मला होती. टेम्पो आला, मोठा काटा आला. आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे मी पहिल्यांदाच काहीतरी वजनावर विकलं. काका असते तर त्यांना धन्य वाटलं असतं. पेट्यांतल्या पुरचुंड्यांचे तांदूळ फरशीवर सांडले होते, ते सुनंदाने चिमण्यांना टाकले.

एसी बसला. दिव्यांच्या पाटीवर ‘एसी स्टुडिओ’ लिहिलं. पहिला उन्हाळा फार छान गेला; गर्दी व्हायची. नंतर लक्षात आलं की गर्दी थंडाव्याची आहे. लोक फोटो काढल्यावर तासभर उठत नसत आणि न काढणारे दोन तास. दुसऱ्या उन्हाळ्यात विजेच्या बिलाने मला थंड केलं. तिसऱ्यात एसी बंद पडला. त्याच्या बाहेरच्या डब्यावर आता पारवे बसतात.

चिठ्ठ्या मात्र येतच राहिल्या. एक-दोन महिन्यांनी कोणीतरी यायचंच, कधी पाकिटातून, कधी देवाच्या पोथीतून चिठ्ठी काढायचं. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं: त्या साली पाणी शिरलं होतं, सगळं खराब झालं. मालेगावात पाणी शिरत नाही. नळालाच येत नाही. पण लोक ऐकून घ्यायचे. गेलेल्या माणसाच्या कामासाठी आलेला माणूस भांडत नाही, तो चिठ्ठी घडी करून परत ठेवतो आणि जातो.

कांताबाई आल्या तेव्हाही वाक्य तयार होतं.

दिवाळी होऊन गेली होती. पंचेचाळिशीच्या आसपासची बाई, खांद्यावर कापडी पिशवी, दारातच चपला काढून आत आली. आमच्या दुकानात चपला कोणी काढत नाही. “फोटोवाले शेठ तुमीच का जी?” म्हणाली. आसेगावहून दोन गाड्या बदलून आली होती. पिशवीतून एक प्लास्टिकची पुडी काढली, तिच्यातून कुंकवाचा पितळी करंडा, आणि करंड्याच्या झाकणातून आमची चिठ्ठी. आप्पांचं अक्षर. क्रमांक ३१४६. कडा कुंकवाने लाल झाल्या होत्या.

“माह्या मायचा हाये,” ती म्हणाली. “मले पाहाचा हाये. म्या पाह्यलीच नाही तिले. तीन महिन्याची होती मी.”

मग बसून सगळं सांगितलं. आई मालेगावजवळच्याच एका खेड्यातली, नाव रुखमा. चौथी शिकलेली. अंगणवाडीत मदतनीस पाहिजे होती, त्या अर्जाला फोटो लागत होता म्हणून भावाने तिला सायकलवर बसवून आमच्या दुकानात आणली. दोन प्रती काढल्या, दोन्ही अर्जाला लागल्या. नोकरी लागायच्या आधीच बाळंतपणाच्या दुखण्यात ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. कांताबाई मामाकडे वाढल्या. आईचा करंडा मामाने ठेवला होता तो त्यांच्या लग्नात दिला, त्यात चिठ्ठी होती. आजवर येणं झालं नाही. मजुरी, लेकरं, दरसाल ऊसतोडीला जाणं. आता मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेवर गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो छापतात. व्याह्यांकडचे चार होते. कांताबाईंना आईचा द्यायचा होता. पण पत्रिका हे नुसतं निमित्त, हे मलाही दिसत होतं.

पाणी शिरल्याचं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याऐवजी मी म्हणालो, पेट्या वरच्या खोलीत आहेत, शोधायला वेळ लागेल, पंधरा दिवसांनी या.

असं का म्हणालो? खोटं बोलायची हिंमत झाली नाही म्हणून त्याहून मोठं खोटं बोललो. माझ्या बऱ्याच चुका अशाच, भिडेपोटी झालेल्या आहेत.

“येते नं,” त्या म्हणाल्या. “इतके साल थांबली, पंधरा दिवसाचं काय?”

पंधरा दिवसांनी त्या आल्या. येताना अंबाडीच्या भाजीची जुडी आणली होती. मी सांगितलं, पेटी सापडली, पण बुरशी आहे, साफ करावं लागेल. हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की जाताना दारात थबकून त्यांनी भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोला नमस्कार केला. रात्री सुनंदाने भाजी केली, मला वाढली, स्वतः घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मले नाही गिळवत. तुमी खा.” मीही खाल्ली नाही, असं लिहायला बरं दिसलं असतं. खाल्ली.

पुढच्या फेरीपर्यंत माझ्या डोक्यात तिसरी हुशारी शिजली होती. आता मोबाइलमध्ये असे प्रकार आले आहेत की कोणाचाही फोटो घाला, तो माणूस म्हातारा करून मिळतो, तरुण करून मिळतो, हसरा करून मिळतो. मी कांताबाईंना म्हणालो, पाकिटांवरचे नंबर पुसट झालेत, चेहऱ्यावरून शोधतो, तुमचा एक फोटो घेऊ द्या. मुली आईवर जातात. त्यांनी पदर सारखा केला आणि बसल्या. मी मोबाइलने फोटो घेतला. त्या म्हणाल्या, मी मायवर गेली का बापावर हे मले कोनी सांगतलंच नाही.

मी तो फोटो मोबाइलमधल्या त्या यंत्रात घातला आणि वीस वर्षांची, लुगड्यातली, काळी-पांढरी बाई मागितली. पहिल्यांदा यंत्राने तिला सिनेमातल्यासारखे ओठ आणि झुमके घातले. ते काढले. नाक मोठं कपाळ लहान असं करत करत बारा-पंधरा बाया झाल्या, त्यातली एक गरीब दिसणारी निवडली. तिच्यावर पिवळटपणा चढवला, ओरखडे ओढले, एक कोपरा फाटल्यासारखा केला. त्या खोटेपणावर डाग पाडायला मला अख्खी दुपार लागली. आप्पांनी खरी रुखमा पाच मिनिटांत काढली असेल.

फ्रेम केली. चांगल्या लाकडाची, माझ्या खर्चाने. मनाला समजावलं की बाईला चेहरा मिळेल, पत्रिका छापून होईल, माझं नाव राहील. तिने आईला पाहिलंच नाही तर फरक कोणाला कळणार आहे? हिशेब पक्का होता. फक्त सायकलवाला भाऊ मी विसरलो होतो.

चौथ्या फेरीला कांताबाई मामाला घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढचा वाळका माणूस, हातात काठी, पांढरी टोपी. मी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवली होती. मागे घेता येत नव्हती. कांताबाईंनी कागद सोडवला. फ्रेम मांडीवर घेऊन बसल्या. काचेवर बोट ठेवलं, कपाळावरून हनुवटीपर्यंत आणलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “माह्यासारखीच दिसे व माय.”

धंद्यातल्या इतक्या वर्षांत कोणी माझा फोटो असा पाहिला नव्हता. तेवढ्या वेळापुरतं, लाज वाटते सांगायला, मला बरंही वाटलं.

मामाने चष्मा काढला, पुसला, फ्रेम जवळ ओढली.

“कांते,” तो म्हणाला, “हे तं तूच हायेस.”

“मी कशी राहीन मामा? जुना हाये नं फोटो.”

“जुना असू दे. हे रुखमी नोहे.” त्याने फ्रेम टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “शेठ, तिले लहानपनी देवी आल्या होत्या. गालभर वन होते. तुमच्या बापानं तिले म्हनलं, बाई, जरा तिरपी बस, वन दिसनार नाहीत. थे म्हने, नाही जी, हायेत तशे काढा. नाहीतं हाफिसातले वळखनार नाहीत. सरळ बसली. तुमचा बाप हसला. मी तथीच उभा होतो, पडद्यापाशी.”

कांताबाई मामाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “हे तुमी मले कधी सांगतलं नाही.”

“फोटो येनार होता नं,” मामा म्हणाला. “मले वाटलं, तूच पाहशीन.”

मग मी सांगितलं. सगळ्या निगेटिव्हा विकल्या, बऱ्याच वर्षांपूर्वी, एकदम. पेटी सापडली, बुरशी, पुसट नंबर, सगळं खोटं. दर वर्षी पर्युषण संपलं की मी गावभर हात जोडत फिरतो, ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांचीही क्षमा मागतो. ते शब्द तोंडात कायम तयार असतात. त्या दिवशी हात जोडले गेले, शब्द निघेनात.

कांताबाईंनी विचारलं, “कोनाले विकलं?”

“चांदी काढणाऱ्याला.”

“चांदी?” त्यांना समजलं नाही. “माह्या मायमंदी चांदी होती?”

“फोटोवर असते. थोडी.”

“कितीक?”

मला खोटं बोलता आलं असतं. “कपाळाच्या टिकलीएवढीही नाही,” मी म्हणालो.

त्यांनी करंडा उघडला, चिठ्ठी काढली, उलगडून टेबलावर माझ्यासमोर ठेवली. आप्पांचे चार आकडे. “मंग हे आमी कायले जपलं?” त्यांनी विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मामा काठीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी मी तिसरी कॉपी घेऊ म्हनत होतो. थे म्हने, कायले? नंबर हाये नं.”

लोक म्हणतात मोबाइलने स्टुडिओ बुडवले. काहींचे बुडवले असतील. आमच्या दुकानात जो माल होता तो मोबाइलमध्ये मिळत नव्हता, वाशीमच्या काचेच्या स्टुडिओतही मिळत नव्हता. तो फक्त आमच्याकडे होता, आणि त्यातला अर्धा आसेगावला एका बाईने करंड्यात सांभाळला होता. आपला अर्धा मी एका एसीसाठी दिला. ती फ्रेम अजून दुकानात आहे, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून. ती कोणाचीच आई नाही, पण फेकायला हात उचलत नाही.

कांताबाईंनी चिठ्ठी परत घडी करून झाकणात ठेवली. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. आतल्या स्टुलावर जाऊन बसल्या. बँकेच्या कागदाला फोटो लागत होता, तेही काम घेऊन आल्या होत्या, आणि परत दोन गाड्या बदलून यायची त्यांची इच्छा नसावी.

मी दिवे लावले. सवयीने तोंडातून गेलं, जरा उजवीकडे बघा, चेहरा चांगला येतो.

“हाये तसा काढा,” त्या म्हणाल्या.

मामा पडद्यापाशी जाऊन उभा राहिला होता. मी फोटो काढला. आजही मी गिऱ्हाइकाला नंबर देतो. आता तो कॉम्प्युटरमधल्या फाइलचा असतो. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि आप्पांचा शिक्का एकाच खणात आहेत. खण उघडत मी विचारलं, कॉपी किती काढू?

“दोन ब्यांकेले,” कांताबाई म्हणाल्या, “आन एक माह्या पोरीले. नंबर नका देऊ.”